गोदूबाईंचं नाक आणि रूथचं जाळं

१

शुक्रवारी दुपारी सगळी रत्नागिरी जेवूनखाऊन आडवी झाली होती. पंचाऐंशी सालची ती झोप आताच्या माणसाला सांगून पटायची नाही. मांडवीच्या धक्क्यावर कावळेसुद्धा माना पंखात खुपसून बसत, आणि भाट्याच्या खाडीत एखादा मासा उडाला तर त्याचा आवाज थेट झाडगावात ऐकू येई. शहाणा मासा त्या वेळी उडतच नसे.

अशा त्या झोपेला तडा गेला तो झाडगावातल्या गोदूबाई शिवलकरांच्या माडीवरून आलेल्या एका किंकाळीनं.

गोदूबाई नुकत्याच उठून चहाचं आधण ठेवत होत्या. हातातलं भांडं तसंच ठेवून, पदर खोचून त्या जिना चढल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर राखणीला नेमलेला केरू शिपाई तोंडावर टॉवेल घेऊन पसरला होता. किंकाळीनंही तो जागा झाला नव्हता. त्याला ओलांडून त्या वर गेल्या.

माडीवरच्या लांब खोलीत अमेरिकेहून आलेली विद्यार्थिनी रूथ उभी होती, दोन्ही हात डोक्याला लावून. समोर वाशाला तिचं जाळं टांगलेलं. सगळा हिवाळा राजिवड्याला जमालचाचांच्या ओट्यावर बसून तिनं ते विणलं होतं, आणि उद्याच्या निरोपसमारंभात ते मिरवायचं होतं. त्या जाळ्याच्या बरोबर मधोमध एवढं मोठं भोक होतं, की एखादी गाभण म्हैस अंग न चोरता पलीकडे गेली असती.

"बाई," रूथ रडत म्हणाली, "कोणी कापलं हे?"

भोकाच्या खाली, जमिनीवर, लाल मुठीचा एक छोटा चाकू पडला होता. तो कुणाचा हे सांगायला पोलिसाची गरज नव्हती. तसला चाकू अख्ख्या रत्नागिरीत एकाच माणसाकडे होता. ग्रेगकडे.

आणि तो चाकू पाहताक्षणी गोदूबाईंच्या पोटात, अगदी बेंबीच्या देठाजवळ, आनंदाची एक बारीकशी उकळी फुटली.

२

आनंद का झाला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

अमेरिकेतलं विनमोर विद्यापीठ दर हिवाळ्यात आपले विद्यार्थी रत्नागिरीला पाठवी. त्यांनी इथल्या घरांत राहायचं, मराठी शिकायचं आणि किनाऱ्यावरचं एखादं हातकाम शिकून जायचं. ही गंगा रत्नागिरीत आणली गोदूबाईंनी. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, आणि स्वस्थ बसवेना म्हणून विद्यापीठाच्या मागं लागल्या. स्वतःची माडी दिली, घरं शोधली, व्यवस्था अंगावर घेतली. शाळेत त्यांच्या नाकाची ख्याती होती. मुलीनं कैरी खाल्ली की कोणाच्या कुंपणातली, हे त्या वर्गाच्या दारातूनच सांगत. खोटं बोलणाऱ्याच्या घामाचा वास वेगळा येतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि नाक कधी चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. नेमकं त्या आठवड्यात त्यांना पडसं झालं होतं आणि नाक वखारीच्या कुलपासारखं बंद होतं.

तर एवढं सगळं गोदूबाईंनी केलं, आणि नाव कुणाचं झालं? तुळसाचं! धाकट्या दिराची बायको, भाट्याला नारळाच्या वाडीत राहणारी, सहीला अंगठा उठवणारी. यंदाचा विद्यार्थी ग्रेग तिच्याकडे राहायला गेला आणि आठवड्याच्या आत तिला "आये" म्हणू लागला. तिच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाऊन घाम पुसत "अजून वाढ" म्हणू लागला. त्याच्याही आधी, गेल्या वर्षी विद्यापीठानं गुळगुळीत कागदावर एक पत्रक छापलं. त्यावर तुळसाचा फोटो, नाकात नथ, तोंडभर हसू. तिच्या शेजारी गोदूबाई उभ्या होत्या. छापताना कडा कापली गेली आणि गोदूबाईंचं फक्त कोपर आलं. ते कोपर अमेरिकाभर वाटलं गेलं. त्या दिवसापासून तुळसाचं नाव निघालं, की गोदूबाईंच्या घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होई.

आणि विद्यापीठाचा नियम कडक होता. दुसऱ्याच्या वस्तूची कुणी जाणूनबुजून नासधूस केली, तर तो विद्यार्थी पहिल्या विमानानं घरी. डिग्री गेली, विद्यापीठ गेलं. आणि ज्या घरात तो राहिला, त्या घराला पुन्हा कधीच पाहुणा मिळायचा नाही.

गोदूबाईंनी मुंबईला ट्रंककॉल लावला. संचालिका हॉलंडबाई फोनवर म्हणाल्या, "मी रात्रीच्या एस.टी.नं निघते. सकाळी तुमच्या ओटीवर सुनावणी. तोपर्यंत चौकशी तुमची, आणि तुम्ही सांगाल ते मी मानीन."

ग्रेगला बोलावलं. सहा फुटी पोर, नाक उन्हानं सोललेलं, अंगाला भिजवलेल्या काथ्याचा घमघमाट. निदान तसं इतरांचं म्हणणं होतं, गोदूबाईंना कसलाच वास येत नव्हता. तुळसाकडे तो सुंभ वळायला शिकला होता. पण हॉलंडबाईंनी निवड केली रूथच्या जाळ्याची. ते अमेरिकेला नेऊन विद्यापीठाच्या सभागृहात लावायचं ठरलं होतं, रूथच्या नावाच्या पाटीसकट. ग्रेगच्या सुंभाला कोपरा मिळाला.

"काल चहाला सगळ्यांच्या देखत काय म्हणालास तू?" गोदूबाईंनी विचारलं.

"म्हटलं, हे जाळं मी फाडणार."

"का म्हणालास?"

"जळलो म्हणून." ग्रेग सरळ बोलला. "माझ्या सुंभाकडं कोणी बघत पण नाय. पण बाई, जळणं एक, फाडणं एक. मी फाडलं नाय."

"दुपारी कुठं होतास?"

"समुद्रावर. फिरत होतो. एकटा."

"पाहिलं कुणी?"

"कोण बघणार? तुमचं सगळं गाव झोपलेलं!"

हे मात्र खरं होतं. सबंध रत्नागिरीत त्या वेळी जागा असणारा माणूस एकच, आणि तो हाच. गोदूबाईंनी मान हलवली. चौकशी संपल्यातच जमा होती.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी टोचत होती. एवढं मोठं भोक पडलं, आणि जमिनीवर धाग्याचा एक तुकडा नव्हता. खोली झाडून काढल्यासारखी लख्ख होती. आणि केरूनं आपण होऊन कधी केर काढला असेल, यावर गोदूबाई मेल्या तरी विश्वास ठेवणार नव्हत्या.

३

"उंदीर, बाई," केरू म्हणाला.

"उंदीर नायलॉन खातो?"

"अमेरिकेला जायचं जाळं म्हटल्यावर त्यालाही वाटलं असेल, बघू चव."

"केर काढलास तू?"

"मी? देवाशपथ नाय!" चोरीचा आळ आल्यासारखा केरू दचकला.

"तुला ओलांडून वर कोण गेलं?"

"झोपलेल्या माणसाला काय विचारता? पण बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या बघा. काचेच्या. भरपूर."

कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरणारी एकच बाई गोदूबाईंना ठाऊक होती. त्यांनी छत्री उचलली, पूल ओलांडून भाटं गाठलं आणि अंगणातूनच हाक मारली, "तुळसे, दुपारी झाडगावात काय करत होतीस गो?"

तुळसा काथ्यासाठी नारळाची सोडणं ठोकत होती. हातातला दांडा खाली पडला. "मी? मी नव्हतेच! मी निजले होते, जाऊबाई."

"केरूला बांगड्या ऐकू आल्या."

तुळसा ओटीवर बसली आणि बांध फुटावा तशी बोलू लागली. "पोराचा सुंभ कोपऱ्यात टाकलाव तुम्ही! एवढा राबला, हाताला फोड आले त्याच्या. आणि त्या पोरीचं जाळं मधी, देवाच्या मखरासारखं. मला काय बघवंना. म्हटलं, सगळी निजल्येत तोवर सुंभ जरा पुढं टांगते. गाठ सुटंना. पोरानं चाकू खिडकीत विसरलान होता, तोच घेतला. पण बोथट मेला! सुंभ कापून कापून त्याची धार पार गेलेली. करवतीसारखा घासला तेव्हा कुठं दोरी सुटली. सुंभ पुढं टांगला आणि पळाले."

"आणि चाकू?"

"टाकला असंन तिथंच."

"जाळं?"

"अख्खं होतं! देवाच्यान सांगते. आणि जाऊबाई..." तुळसानं गोदूबाईंचा हात धरला. "त्या मडमेला म्हणावं, मला काय ती शिक्षा द्या. पोराला धाडू नका. त्यानं काय केलंन नाय."

गोदूबाईंनी हात सोडवून घेतला. पूल ओलांडताना त्या विचार करत होत्या. चाकू जमिनीवर कसा आला, हे तर कळलं. पण हे हॉलंडबाईंना सांगून काय उपयोग? आये लेकराची बाजू घेणारच, असंच कोणीही म्हणेल. आणि गोदूबाईंनी ते सांगितलंच नाही, तर ते सांगणारं दुसरं कोणीही नव्हतं.

पुलाच्या मधोमध त्या थांबल्या. समोर राजिवड्याची कौलं दिसत होती. जाळं फाडणाऱ्याचा पत्ता लागला नाही, तरी ते विणायला शिकवणाऱ्या जमालचाचांना बातमी देणं भाग होतं.

४

जमालचाचा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. आता गुडघे असे आखडलेले, की घरातली चार बोटांची पायरीसुद्धा बायकोचा, हाफीजाचा, खांदा धरून चढत. गोदूबाईंच्या माडीवर ते एकदाही आले नव्हते. जाळं टांगायला सकाळी रूथबरोबर त्यांचा मुलगा नासिर आला होता.

मांडीवर खडकाला अडकून फाटलेलं एक जुनं जाळं होतं. हातात शिंगाच्या मुठीची छोटी सुरी.

"बसा, मास्तरीणबाई. हाफीजा, चाय टाक!"

गोदूबाई बसल्या, पण तोंड उघडवेना. म्हणून आधी हातातल्या कामाकडं पाहत म्हणाल्या, "फाटलेलं आणखी कशाला कापताय?"

"जखम साफ करतोय. लोंबतं, कुजकं, अर्धी तुटलेली गाठ, सगळं काढायचं. भोक मोठं झालं तरी चालेल. वर एक गाठ राखायची सुई सुरू करायला, खाली एक राखायची संपवायला. मग एकच धागा इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत जातो, कुठं अडत नाय." बोलता बोलता ते कापलेला एकेक धागा शेजारच्या डब्यात टाकत होते. "धागा खाली पडला तर कोंबडी गिळते नाहीतर पोराच्या पायात गुंततो. हाफीजा मग मला जेवायला घालत नाय."

"रूथलाही शिकवलंत हे?"

"विणणं शिकवलं. विणणं मी कुणालाही शिकवीन. कापणं घरातल्याला. चुकीची गाठ कापली तर पुरं जाळं उसवत जातं. पोरीला उद्या शिकवणार, सुरी हातात देऊन."

हाफीजा चहाचे कप आपटतच बाहेर आली. "घ्या! सुरी त्या पोरीला देणारायत. यांच्या बापाची सुरी! मी या घरात म्हातारी झाले, मला कधी हात लावू दिलान का विचारा. उठता बसता रूथ. रूथची गाठ बघा, रूथचा हात बघा. घरात दुसरं नावच उरलं नाय."

"तुला जळायला काय झालं?" चाचा हसले.

"मी कशाला जळू? मी आपली चाय करते."

तेवढ्यात नासिर आला. जुम्म्याचा पांढरा कुर्ता, हातात पासपोर्टच्या फोटोंचं पाकीट. दुबईच्या नोकरीचा व्हिसा आला होता, महिनाअखेरीस निघायचं होतं. गोदूबाईंना सलाम करून तो दारात टेकला.

मग त्यांनी सांगितलं. जाळं कापलंय, ग्रेगचा चाकू सापडलाय, उद्या त्याला परत पाठवतील.

चाचांचे हात थांबले. खाडीकडं पाहत ते म्हणाले, "सुरुवातीची ओळ मी घातली होती तिच्यासाठी. ती?"

"ती आहे. वरचं सगळं शाबूत आहे."

"त्या पोराला परत धाडतील?" नासिरनं विचारलं.

"धाडतील. शिक्षण संपलं त्याचं."

ओट्यावर वाऱ्यानं उडालेला धाग्याचा एक तुकडा नासिरच्या पायाशी आला होता. तो वाकला, तुकडा चिमटीत उचलला, डब्यात टाकला आणि आत निघून गेला.

गोदूबाईंनी चहा प्यायला. चहात आलं होतं की वेलदोडा, तेही त्यांना कळलं नाही. पण घरी पोचताच त्यांनी आपला शिवणाचा डबा शोधून काढला.

५

दिवे लागायच्या वेळी त्या माडीवर एकट्या गेल्या.

प्रथम ग्रेगचा चाकू उघडला. पात्यावर मिठाचा गंज, खाचेत काथ्याचा भुसा. आपल्या शिवणाच्या डब्यातला नायलॉनचा धागा त्यांनी त्यावर ओढून पाहिला. धागा कापला जाईना. कुरतडला गेला, टोकाला पिसं फुटली.

मग जाळ्याच्या भोकाजवळ डोळे नेले. एकूण एक टोक लखलखीत. कुठं पीस नाही, कुठं अर्धी गाठ लोंबत नाही. वर एक गाठ राखलेली. खाली एक गाठ राखलेली.

गोदूबाई खाली बसल्या. कोणी कापलं ते त्यांना कळलं होतं. नाक बंद असताना, नुसत्या डोळ्यांनी.

आणि मग तिथंच, त्या लख्ख जमिनीवर बसून, त्यांनी दुसराही हिशेब केला. गप्प राहिलं तर? हॉलंडबाई चाकू पाहतील, ग्रेगची धमकी ऐकतील, निकाल देतील. ग्रेग गेला, की तुळसाचं घर बंद. "आये" बंद. पुढच्या पत्रकावर कोण? झाडगावची माडी, आणि माडीच्या दारात पूर्ण, सबंध, दोन्ही कोपरांसकट गोदूबाई शिवलकर. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं. नुसतं शिंकत बसायचं होतं.

त्या रात्री त्या ताकभात न जेवताच निजल्या.

सकाळी हॉलंडबाई आल्या. उंच, सडपातळ, प्रवासानं चुरगळलेल्या, मराठी मात्र पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. ओटीवर खुर्च्या मांडल्या. नासिरनं रिक्षातून जमालचाचांना आणलं, उचलूनच खुर्चीत बसवलं. केरूनं जाळं खाली आणून खांबांना बांधलं. रूथ डोळे सुजवून बसली होती. तिच्या कुडत्याची बाही धरून हाफीजा बसली होती. कालपर्यंत जळत होती, ती आज पोरीला सोडत नव्हती.

शेवटी ग्रेग आला. मागून तुळसा. तिच्या हातात गाठोडं होतं, नारळाच्या वड्यांचं. "जायचंच झालं तर पोराला वाटंत खायला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. ग्रेगनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आये, रडू नको गो."

तो हात पाहिला आणि गोदूबाईंच्या घशातला काटा परत वळवळला. शाळेत हजारो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. एकीनं तरी असा खांद्यावर हात ठेवला होता का?

"गोदूबाई," हॉलंडबाई म्हणाल्या, "तुमच्या चौकशीत काय निष्पन्न झालं? ग्रेगनं हे केलं आहे का?"

सगळे गोदूबाईंकडं पाहू लागले. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून प्रथम बाहेर पडली ती एक प्रचंड शिंक.

६

शिंक अशी होती की समोरच्या पिंपळावरचे बगळे उडाले. आणि त्या शिंकेबरोबर घशातला काटाही थोडा हलला असावा, कारण नाक पुसून त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "रूथ, सुई आणलीस?"

"हो, बाई."

"ऊठ. ते भोक भरायला घे."

"आत्ता?"

"आत्ता."

रूथ उठली. बांबूची सुई वरच्या गाठीत घातली, धागा ओढला, आणि तिचा हात चालू लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कुठं अडला नाही, कुठं थांबला नाही.

"पुरे," गोदूबाई म्हणाल्या. "रूथ, राजिवड्याला फाटकं जाळं भरायला घेतेस, तेव्हा आधी काय करतेस?"

"मी काही नाही करत. आधी चाचा कापतात, साफ करतात. मग मला देतात."

"मग आज कोणी साफ करून दिलं?"

रूथनं जाळ्याकडं पाहिलं. तिचा हात हवेतच राहिला.

"हॉलंडबाई, हा ग्रेगचा चाकू. यानं धागा कापून पाहा, पिसं निघतात. चाकू खाली टाकला तो तुळसानं, सुंभ पुढं सरकवताना. ते तिचं ती सांगेल, बांगड्या वाजवून." तुळसानं पटकन हात पदराखाली घेतले. "रागावलेला माणूस जाळं फाडतो तेव्हा आडवंतिडवं फाडतो. हे ज्यानं कापलं, त्यानं ते फाडलं नाही. भरायला तयार करून ठेवलंय. सुई कुठं सुरू व्हावी, कुठं संपावी, ते राखलंय. शिवाय खाली पडलेला एकूण एक धागा वेचून नेलाय. असं कापणं जमालचाचा फक्त घरातल्याला शिकवतात. हाफीजाबी सुरीला कधी शिवलेली नाही. रूथला सुरी आज मिळायची होती. चाचांना माझा जिना चढता येत नाही."

पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. हाफीजानं मुलाकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

नासिर खांबाला टेकून उभा होता. खिशातून त्यानं एक पुडकं काढलं, नायलॉनच्या कापलेल्या धाग्यांचं, आणि जाळ्याच्या पायाशी ठेवलं.

"फाडायचंच होतं मला," तो म्हणाला. "नमाजवरनं आलो, अब्बा झोपले होते, सुरी उचलली. म्हटलं, चिंध्या करतो. पण हात ऐकंना. हात साफच कापत गेला."

"का रे?" हाफीजा ओरडली. "का केलंस?"

"अम्मा, तूच सांग, अब्बांनी मला कधी शाबास म्हटलं? तिची एक गाठ नीट आली की अख्ख्या मोहल्ल्याला बोलावून दाखवायचे. आणि आजोबांची सुरी तिला! मी काय मेलो होतो?" मग तो ग्रेगकडं वळला. "तुझं नाव घेतील असं वाटलं नव्हतं. घेतलं तेव्हा बोलायला पायजे होतं. काल ओट्यावर तोंडापर्यंत आलं होतं. नाय बोललो."

जमालचाचांनी हाक मारली, "जाळं इकडं आण."

नासिरनं जाळं सोडून त्यांच्या मांडीवर घातलं. चाचांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. एकेक गाठ, एकेक टोक. बोट वरच्या गाठीपासून निघालं, फिरत फिरत खालच्या गाठीपाशी आलं.

"तू दुबईला निघालास," चाचा म्हणाले. "मला विचारलंस? व्हिसा आणलास आणि सांगितलंस. मग सुरी कुणाला द्यायची होती मी? विमानाला? ती पोरगी निदान ओट्यावर बसते माझ्याजवळ."

नासिर त्यांच्या पायाशी बसला.

"हरामखोर," चाचा म्हणाले, बोट अजून त्या खालच्या गाठीवर होतं. "एक गाठ चुकला नाहीस. मी असं कापलं नसतं."

एवढा उंचापुरा पोरगा, बापाच्या आखडलेल्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडायला लागला. चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. सुरी काढली आणि त्याच्या कुर्त्याच्या खिशात सरकवली.

रूथ डोळे पुसत म्हणाली, "चाचा, मला ती सुरी नकोच होती. मला तुमचं ते धाग्यांचं डबडं हवं होतं."

७

हॉलंडबाई पेचात पडल्या. गुन्हा करणारा त्यांचा विद्यार्थी नव्हता, त्याला पाठवायचं कुठं? दुबईला तो जातच होता.

"नियमात याला काहीच तरतूद नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या शाळेत आहे," गोदूबाई म्हणाल्या. "भोक नासिर आणि रूथनं मिळून भरायचं. धमकी ग्रेगनं दिली, म्हणून ते भरून होईपर्यंत जाळं ताणून त्यानं धरायचं. आणि पाटीवर एकट्या रूथचं नाव घालाल, तर माझी माडी तुम्हाला बंद."

तसंच झालं. ग्रेगचा सुंभ जाळ्याच्या कडेला ओवला गेला, तेव्हा कुठं तुळसाचा जीव भांड्यात पडला. भाट्याला जाऊन तिनं सगळ्या वाडीला सांगितलं, माझ्या जाऊबाईंनी शिंक दिलीन आणि चोर पकडलान. दोन दिवसांत ती शिंक पावस गावापर्यंत पोचली. तिथं तर ती बंदुकीच्या बारासारखी झाली होती, असं म्हणतात.

नासिर ठरल्या दिवशी दुबईला गेला. जाताना सुरी बापाच्या उशाशी ठेवून गेला, आणि आईला बजावून गेला, कुणाला देऊ नको, मी येणाराय.

पुढच्या हिवाळ्याआधी नवं पत्रक आलं. गोदूबाईंनी ते पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. वर मोठा फोटो होता, भरलेल्या जाळ्याचा. एका बाजूला जमालचाचा, नासिर, रूथ, दुसऱ्या बाजूला जाळं ताणून धरलेला ग्रेग आणि त्याच्या दंडाला धरून तुळसा, नथीसकट. गोदूबाईंनी फोटो उलटापालटा करून पाहिला. या वेळी कोपरसुद्धा नव्हतं.

तशाच तणतणत त्या भाट्याला गेल्या आणि पत्रक तुळसाच्या पुढ्यात आपटलं. "बघ! बघ तुझी मडम!"

तुळसानं हात पुसले, पत्रक उजेडात धरलं, डोळे बारीक केले. आणि मग ती अशी हसत सुटली की अंगणातल्या कोंबड्या माडावर चढल्या.

"अवो जाऊबाई, ह्या काय!"

जाळ्याच्या मधोमध, नव्यानं भरलेल्या भागात, एका चौकोनी घरातून काहीतरी बाहेर आलं होतं. जाळ्यामागं उभं राहून, काम नीट चाललंय की नाही ते वाकून बघणाऱ्या कुणाचं तरी. टोकदार, तांबूस, पडशानं सुजलेलं.

"नाक!" तुळसा म्हणाली. "तुमचंच! पूर्ण आलंय!"

गोदूबाईंनी पत्रक हातात घेतलं. खरंच पूर्ण आलं होतं. फोटोच्या बरोबर मधोमध.

"हं," त्या म्हणाल्या, आणि ओटीवर बसल्या. चुलीकडून वास येत होता. त्यांनी एक खोल श्वास घेतला. "तिसऱ्यांचं सुकं केलंस वाटतं? नारळ कालचा आहे."

"वाढू?" तुळसानं विचारलं.

"वाढ," गोदूबाई म्हणाल्या. "आणि ती नथ जरा बाजूला सारत जा गो पुढच्या वेळी. फोटोत उगाच लक्ष तिकडं जातं."